मृतसाठ्यावर जगणारी माणसे

बारामती-इंदापूरच्या राजकारणात पाणी या शब्दाचा अर्थ फार पूर्वीच ठरून गेला आहे. पाणी म्हणजे कालवा, कालवा म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे कारखाना. इंग्रजी अमदानीतील निरा डाव्या कालव्याच्या काळापासून या भागातील सत्तेचा हिशेब पाण्याच्या आवर्तनांवर मांडला जात आला. माळेगाव आणि भवानीनगरच्या कारखान्यांच्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीइतक्याच चुरशीने लढविल्या जातात, याचे कारणही तेच. परंतु याच इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला, भीमेच्या काठाने, पाण्याचा एक वेगळाच संसार गेली चार दशके उभा आहे. त्याची दखल ना कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत घेतली जाते, ना पाणीवाटपाच्या बैठकीत.

हा संसार पाहावयाचा असेल तर कार्यकर्त्यांनी एक संपूर्ण दिवस भिगवणच्या काठावर घालवावा. समुद्र सह्याद्रीपलीकडे असला तरी तेथे पहाटे जे दृश्य दिसते ते बंदराचेच असते. रात्री टाकलेली जाळी ओढून होड्या अंधारातच काठाला लागू लागतात. चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम अशी मासळी टोपल्यांत निवडली जाते आणि उजाडता उजाडता बाजारात पोहोचते. इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या भिगवण येथील मासळी बाजारात लिलावाची बोली सुरू झाली की कानाला कान लावूनही बोललेले ऐकू येत नाही. काटे लागतात, बर्फ फोडला जातो, खोकी भरली जातात आणि पुणे-सोलापूर मार्गावरून गाड्या दोन्ही दिशांना धावू लागतात. महामार्गाच्या कडेला मासळीच्या जेवणासाठी प्रसिद्ध झालेल्या खाणावळींच्या चुलीही याच मालावर पेटतात. दुपारी गलबला ओसरतो तेव्हा झाडाच्या सावलीत बायका-पुरुष फाटलेली जाळी सांधत बसलेले दिसतात. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरले की कुंभारगावच्या होड्या पर्यटकांना घेऊन पाण्यात शिरतात. आणि दिवसभर पलीकडच्या करमाळा तालुक्यातील माणसे बाजारासाठी, दवाखान्यासाठी, सोयरिकीसाठी होडीने ये-जा करीत असतात.

या सगळ्या गजबजाटात एक गोष्ट मात्र कोठेही दिसत नाही. ती म्हणजे धक्का. ज्या काठावरून इतका व्यवहार चालतो तेथे बहुतेक ठिकाणी होडी बांधण्यासाठी दगडी घाट नाही, माल उतरविण्यासाठी फरसबंदी नाही, बाईमाणसाला आडोसा नाही. चिखल हाच येथील धक्का. तोही एका जागी राहत नाही. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी आणि मृतसाठ्याची पातळी यांत सुमारे ६ मीटरांचे अंतर आहे. जमीन सपाट असल्यामुळे उन्हाळ्यात पाणी दूरवर सरकते आणि त्याच्या मागोमाग चिखल तुडवीत होड्या, जाळी, टोपल्या आणि माणसेही सरकतात.

हे पाणी कोणाच्या त्यागातून आले याचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे भारदस्त नाव मिळाले. पण त्याच्या पोटात भीमाकाठची काळीभोर जमीन आणि नांदती गावे गेली. पाणी फार ओसरते तेव्हा जुन्या पळसदेवचे मंदिर आजही वर येते आणि विस्थापितांच्या नव्या पिढीला आपल्या आजोबांचे गाव पाहावयास मिळते. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. धरणग्रस्तांची संघटना बांधण्यासाठी बाबा आढावांसारख्या कार्यकर्त्यांनी त्या काळात गावोगाव पायपीट केली. तरीही कायद्याच्या नजरेत नुकसान म्हणजे मुख्यतः जमिनीचे नुकसान. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला निदान दाद मागण्याचा आधार होता. वाहत्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या भोई-कोळ्यांची नदी कोणत्या उताऱ्यावर लिहिलेली होती? नदीचे तळे झाले आणि त्यांनी तळ्यावर जगण्याची नवी विद्या शिकून घेतली. पुढे जमीन गमावलेले काही शेतकरीही त्यांच्या शेजारी जाळे घेऊन उभे राहिले.

धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी जवळजवळ ५४ टीएमसी उपयुक्त आणि उरलेला सुमारे ६३ टीएमसी मृत, असे सरकारी कागद सांगतात. या शब्दांतच राज्यकर्त्यांची दृष्टी प्रकट होते. जे पाणी कालव्यात जाते ते उपयुक्त. जे जात नाही ते मृत. परंतु मच्छीमाराची चूल वर्षाचे बाराही महिने पेटती ठेवते ते हेच मृत पाणी. कालव्यासाठी जो साठा शून्यावर येतो तेथून त्याच्या जगण्याचा खरा हिशेब सुरू होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. वृत्तपत्रांतून उसाची आणि सोलापूरच्या पिण्याच्या पाण्याची चिंता व्यक्त झाली, आणि ती रास्तच होती. पण आटत चाललेल्या डबक्यांत अंगठ्याएवढी मासळी खरवडून काढावी लागणाऱ्या माणसाची चिंता कोणत्या बैठकीत व्यक्त झाली?

त्याच उन्हाळ्यात, २१ मे २०२४ रोजी, कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडाली. त्यापूर्वी एप्रिल २०१७ मध्ये याच जलाशयात, इंदापूर तालुक्यात, होडी उलटून चार डॉक्टर प्राणास मुकले होते. प्रत्येक वेळी शोक झाला, पाहणी झाली, आश्वासने झाली. शिरसोडी-कुगाव पुलाला शासनाची मंजुरी मिळाली हे चांगलेच झाले. धरणाने तोडलेले दोन काठ जोडणे हे सरकारचे कर्तव्यच होते. परंतु एक पूल झाल्याने सर्व जलाशयावरील होड्या थांबणार नाहीत. मासेमारी तर पुलावरून करता येत नाही. होड्या बंद करा, ही अपघातानंतरची हाक म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देऊन आपली जबाबदारी झटकणे होय. १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून संसदेने २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने यांची तरतूद त्यात आहे. बिनयंत्राच्या होड्यांची नोंद स्थानिक संस्थांनी ठेवावी असेही त्यात म्हटले आहे. कायदा दिल्लीत झाला. त्याची जाकिटे भीमेच्या काठावर केव्हा पोहोचणार?

दुसरा प्रश्न मासळीच्या मालकीचा. काठावरच्या माणसाला जाळ्यासाठी, होडीसाठी, आजारपणासाठी उचल घ्यावी लागते. उचल घेतली की माल त्याच माणसाला घालावा लागतो, आणि मग लिलावाची बोली कितीही उघड असली तरी कर्जदाराचे तोंड बंदच राहते. अशा अडचणीतल्या माणसाला बारीक आसाची जाळी वापरू नका, विणीच्या काळात थांबा, असे सांगणे सोपे आहे. पण त्या काळात त्याने खावे काय, याचे उत्तर उपदेश करणाऱ्याजवळ नसते. शिवाय पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते. शहराने आपली घाण खाली सोडावयाची आणि मासळी कमी झाली की दोष मच्छीमाराच्या जाळ्याला द्यावयाचा, हा कुठला न्याय?

ऊस उत्पादकाला सहकाराने उभे केले हा याच दोन तालुक्यांचा अभिमान आहे. सरकारी भागभांडवल, कर्जाची हमी आणि कायद्याचे संरक्षण यांच्या बळावर ते घडले. मग तेच बळ पाण्यातल्या पिकाला का मिळू नये? एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु ज्याच्या नावाची नोंदच कोठे नाही त्याला शेतीच्या दराने कर्ज कोणती बँक देणार? सवलत नेहमी कागद असणाऱ्याकडे जाते. म्हणून आपली पहिली मागणी नोंदणीची असली पाहिजे. प्रत्यक्ष जाळे टाकणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला परवाना व विमा मिळावा, आणि त्यात धरणग्रस्त व परंपरागत मच्छीमारांना अग्रक्रम असावा. सहकारी संस्था त्यांच्याच हाती असाव्यात. संस्थेची पाटी लावून ठेका चालविणाऱ्यांच्या हाती नव्हे. विणीच्या काळात मासेमारी थांबवावयाची तर त्या काळाचा निर्वाहभत्ता मिळावा. बाजारात खोकी उचलणाऱ्या हातांना १९६९ च्या माथाडी कायद्याचे संरक्षण मिळावे. आणि मोठ्या प्रत्येक उतारावर, पाणी सरकेल तसा खाली उतरत जाणारा पायऱ्यांचा पक्का घाट बांधला जावा.

यांतील एकही मागणी सरकारी तिजोरीला जड जाणारी नाही. अडचण पैशाची नसून मोजदादीची आहे. टीएमसी मोजणाऱ्या शासनाला त्या पाण्यावरची माणसे मोजावयास लावणे हे काम निवेदने देऊन होणार नाही. त्यासाठी काठावर जाऊन, होडी-होडीला भेटून नावे लिहून घ्यावी लागतील. तालुक्यातील साथींनी येत्या पावसाळ्यापूर्वी ही यादी स्वतःच तयार करावयास घ्यावी. यादी हातात असली म्हणजे पाणीवाटपाच्या पुढच्या बैठकीत मच्छीमारांची खुर्ची मागताना आपल्याला आवाज चढवावा लागणार नाही.