धवलारिणीचं नाव लिहा

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिले. परवानगी न घेता यंत्राकरवी त्यांच्या आवाजाची नक्कल करायला न्यायालयाने मनाई केली. फार बरं झालं. जन्मभराच्या रियाजाने घडलेला गळा असा परस्पर वापरायला कुणालाच मिळता कामा नये.

याच न्यायालयापासून थोड्या अंतरावर कफ परेडचं मच्छीमार नगर आहे. तिथे हळदीत गाणाऱ्या बाईचा आवाज कुणी उचलला, तर तिच्यासाठी वकील कोण उभा करणार?

आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवळे गाते आणि तिच्या गाण्यावर विधी पार पडतात. हे धवळे कुणी रचले, याची कुठे नोंद नाही. ते ऐकत ऐकत पुढे आले. आता कुणीही मोबाइलवर ‘कोळीगीत बनव’ असं लिहितो आणि नाखवा, होडी, दर्या सगळं घातलेलं गाणं क्षणात हातात पडतं. यंत्र हे शिकलं माणसांनी गायलेल्या गाण्यांवरूनच. त्या माणसांना कुणी विचारलं नाही.

शांता शेळके तरी कुठे कोळी होत्या, असं कुणी म्हणेल. खरं आहे. ‘मी डोलकर’, ‘राजा सारंगा’ त्यांनी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली बांधल्या आणि ती गाणी कोळीवाड्यांनीही आपली मानली. पण त्या गाण्यांना नाव आहे. एखादा शब्द खटकला असता तर कोळीवाड्यातलं माणूस त्यांच्या दारात जाऊन जाब विचारू शकलं असतं. यंत्राच्या गाण्याचा जाब द्यायला कुणीच पुढे येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

कायद्यात वाट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क मिळाला. गाणं परंपरेचं असलं तरी ते गाणारी बाई कलाकारच आहे. मात्र तिचं नाव कुठे लिहिलेलंच नसेल, तर हा हक्क सांगायचा कुणी?

म्हणून विनंती आहे. हळदीत मोबाइल सुरू करण्याआधी त्या बाईला विचारा. ती हो म्हणाली, तर व्हिडिओखाली तिचं नाव, गाव आणि तारीख लिहा. आणि गाणं यंत्राकडून करून घेतलं असेल, तर तसं स्पष्ट सांगा.