घराखालची माती

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूमिपरीक्षा दिली आहे: खड्डा पाण्यानें भरावा, शंभर पावलें जाऊन परतावें; पाणी उणें न झाल्यास जागा उत्तम. देशावरील काळी माती, एकदां भिजली कीं, या परीक्षेंत बहुधा पहिली येईल! परंतु तीच पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि पेन्शनीच्या पुंजीनें उभारलेल्या भिंतींस तडे जातात. म्हणून पाया खालच्या मुरुमापर्यंत न्यावाच. सेप्टिक टांकीच्या शोषखड्ड्यास तर कसोटी नेमकी उलटी. तेथें पाणी उतरलेंच पाहिजे. कोंकणांतील जांभा तें चटकन् पितो, पण शेजारच्या विहिरींतही पोंचवितो. सबब खड्डा विहिरीच्या वरच्या अंगास कदापि नको. बागेविषयीं इतकेंच, काळींत कागदी लिंबू उंचवट्यावर लावावें. पाणी सांचल्यास मुळें कुजतात.