नोकरी बदलते, सही बदलत नाही

आपल्या बेटावर नवे रस्ते, पूल व उंच इमारती उभ्या राहत आहेत. अशा कामावरील एखादा अभियंता अधिक पगारासाठी दुसऱ्या कंपनीत गेला, तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु अर्ध्यावर राहिलेल्या कामाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

अमेरिकेतील एक दुर्घटना येथे आठवते. १७ जुलै १९८१ रोजी कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलात दोन टांगते मार्ग कोसळले आणि ११४ माणसे दगावली. दोन्ही मार्ग एकाच लांब सळईला टांगायचे होते. काम सोपे व्हावे म्हणून तिच्या जागी दोन सळया घातल्या गेल्या, आणि वरच्या जोडावर दुप्पट भार आला. त्यातच पोलाद कंपनीने कामाचा बोजा वाढल्याने तपशिलाचे नकाशे मध्येच बाहेरच्यांकडे सोपविले. जोडाचा हिशेब दुसऱ्याने केला असेल, असे प्रत्येकाने धरले. तो कोणीच केला नव्हता. ते काम आमचे नव्हते, हा अभियंत्यांचा बचाव टिकला नाही. नकाशांवर शिक्का त्यांचा होता. १९८६ साली मिझुरी राज्यात दोघांचे परवाने रद्द झाले.

तेथे कोणी नोकरी सोडली म्हणून अपघात झाला नाही. पण काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काय निसटते, ते यावरून समजते.

म्हणून जाणाऱ्या अभियंत्याने कोणते हिशेब पूर्ण झाले, कोणते राहिले व कोठे शंका आहे, हे लेखी द्यावे. नकाशे कंपनीचे आहेत. ते बरोबर नेऊ नयेत. जुन्या मालकाची गुपिते नव्यास सांगू नयेत. मात्र लोकांच्या जिवाला धोका दिसत असेल, तर ते गुपित राहत नाही. योग्य अधिकाऱ्यास कळवावे. येणाऱ्याने स्वतः तपासल्याखेरीज सही करू नये, आणि मालकाने त्यास तपासण्यास वेळ द्यावा.

शाळेत वर्षाच्या मध्यास शिक्षक बदलला, तर कोणता धडा शिकवून झाला हे तो पुढच्यास सांगून जातो. तेथे चुकले तर धडा पुन्हा शिकविता येतो. पुलाचे तसे नाही.

मॉरिशसमध्येही अभियंत्यांची नोंदणी करणारी परिषद आहे. ती नोंदणी माणसाची असते, त्याच्या मालकाची नव्हे. अभियंता होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढे ध्यानात ठेवावे, हीच आमची विनंती.