डाळ निवडतो, मग बातमी का नाही?

मैत्रिणींनो, नेहमीच्या वाण्याकडून आणलेली तूरडाळ तुम्ही तशीच कुकरला लावता का? नाही ना! वाणी वीस वर्षांच्या ओळखीचा, माणूस अगदी देवमाणूस, वजनात कधी मारणार नाही. तरीही डाळ ताटात पसरली जाते, चष्मा नाकावर चढतो आणि खडे, फोलपटं बाजूला निघतात. वाण्यावर अविश्वास म्हणून नव्हे. पोत्यात खडा असायचाच, एवढं आपल्याला ठाऊक असतं म्हणून. मग हीच शहाणी बाई दुपारी जरा पाठ टेकल्यावर मोबाईल उघडते आणि आत्तेसासूबाईंनी पाठवलेला मजकूर न चाळता, न निवडता सगळ्या सासर-माहेरच्या ग्रुपवर ओतून मोकळी कशी होते, हे कोडं मला काही सुटत नाही. वर एक ओळ असतेच, ‘आला तसा पाठवला आहे.’ म्हणजे खडा दाताखाली आला तर आमच्याकडे तक्रार आणू नका!

‘बायका भोळ्याच’ असं कुणी मिशीत हसत म्हणायच्या आतच सांगून टाकते, या खेळात वय, शिक्षण, मिशा कशाचाच उपयोग होत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ची गोष्ट घ्या. दिल्लीत पहाटे गणपती दूध पितो अशी बातमी उठली आणि दिवस मावळायच्या आत ती देशभर झालीच, पण परदेशातल्या देवळांतही लोक चमचे घेऊन रांगेत उभे राहिले. घरोघरी मोबाईल नव्हते तेव्हा. फोन आणि तोंड एवढ्यावरच भागलं! शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की चमचा मूर्तीला टेकला की दूध ओढलं जातं आणि अंगावरून पातळ ओघळाने खाली उतरतं. ओट्यावर सांडलेल्या पाण्याला फडक्याचं टोक टेकलं की पाणी वर चढतं ना, त्याच्याच नात्यातला हा प्रकार. रोज फडकं पिळणाऱ्या आपल्यासारखीला हे सगळ्यांच्या आधी उमगायला हवं होतं. पण त्या दिवशी फडकं बाजूला राहिलं आणि चमचा हातात आला.

तेव्हा एक बरं होतं, नुकसान झालं ते फक्त दुधाचं. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोक धावले. बाटल्या भरल्या, लहान मुलांना पाजलं. शहरभरचं सांडपाणी जिथे येऊन मिळतं, तिथलं पाणी! भर पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडीत उतरतं, याचं कुणाला काही वाटलं नाही. ‘पिऊ नका’ असं सरकार सांगत होतं. पण शेजारीण ‘गोड आहे’ म्हणत होती. शेजारीणच जिंकली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तर कहरच झाला. ८ तारखेला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. माणसं आधीच बँकांच्या रांगांत कावलेली, त्यात दोनचार दिवसांतच देशातलं मीठ संपल्याची आवई उठली. उत्तरेकडे तर लोक रात्रीच दुकानांवर तुटून पडले. सात हजार किलोमीटरहून जास्त लांबीचा समुद्रकिनारा असलेला हा देश! मीठ काही संपलं नाही, संपला तो विचार. ज्यांनी पिशव्यांवर पिशव्या भरून आणल्या, त्यांना पुढे ते मीठ पुरवून पुरवून वापरायची वेळ आली असेल.

हे झालं आपलं, साध्या माणसांचं. ज्यांनी बातमी निवडून द्यायची, त्यांनी तरी काय केलं? त्याच वेळी दोन हजारच्या नव्या नोटेत चिप बसवली आहे, नोट जमिनीखाली शे-सव्वाशे मीटर पुरली तरी उपग्रहाला तिचा पत्ता लागेल, अशी कथा फिरत होती. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या नोटेच्या वैशिष्ट्यांत चिपचं नावसुद्धा नव्हतं. तरी काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ती कथा चित्रांसकट, गंभीर चेहऱ्याने दाखवली. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून परत घ्यायला सुरुवात केली. एवढ्या नोटा परत आल्या, चिप मात्र एकीतही निघाली नाही. त्यावर कुणी वाहिनीवर येऊन ‘आमचं चुकलं हो’ असं म्हटल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मंत्र्यांचं म्हणाल, तर जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) केंद्रातल्या शिक्षण खात्याच्या राज्यमंत्र्यांनी, सत्यपाल सिंह यांनी, डार्विनचा सिद्धांतच चुकीचा ठरवला. कारण काय, तर माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणी सांगितलेलं वा लिहिलेलं नाही! आता दुधाचं दही होताना तरी रात्रभर विरजणापाशी कोण बसलेलं असतं? पण सकाळी भांड्यात दहीच असतं ना? देशातल्या विज्ञान अकादमींनी निवेदन काढून त्यांना विरोध केला, हे त्यातल्या त्यात समाधान.

इथपर्यंत आपण हसलो. हसायलाच हवं, नाहीतर जगणं कठीण. पण आता जे सांगते आहे, तिथे हसू थांबतं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तिथे आले होते. त्या भागात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून आधीच फिरत होती. लोकांनी त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारलं. पाचही जण मेले. त्यांनी कुणाचं मूल पळवलेलं नव्हतं. त्यांचीच मुलं घरी वाट पाहत राहिली.

त्या वर्षी देशात कितीतरी ठिकाणी अशाच अफवेपायी माणसं मारली गेली. तेव्हा एक चित्रफीत सगळीकडे फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. पाहणाऱ्या आईचा जीव खालीवर होईल अशीच. मूळ फीत होती कराचीची, मुलांना सांभाळा असं सांगण्यासाठी मुद्दाम तयार केलेली. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला, बस्स. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करणं म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

आणि मला सारखं वाटत राहतं, की ती फीत पुढे पाठवणाऱ्यांत दुष्ट माणसं थोडीच असतील. बहुतेक सगळ्या काळजीवाहू आया, मावश्या, काका. ‘खोटं निघालं तर निघालं, पण खरं असलं तर?’ असं म्हणून, चांगल्या मनाने पाठवणारे. चांगल्या मनाने टाकलेला खडासुद्धा दात पाडतोच, मैत्रिणींनो. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतापुरती मर्यादा घातली, की एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे धाडता येईल. कंपनीने तिच्या परीने चाळणीची भोकं बारीक केली. पण चाळण हातात धरायची कुणी? आपणच ना?

म्हणून ही माझी घरगुती कृती. साहित्य फारसं लागत नाही, दोन मिनिटं पुरतात.

पहिलं, मजकुरात गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव आहे का ते पाहा. ‘नुकतंच’, ‘एका मोठ्या डॉक्टरांनी’, ‘आपल्याच भागात’ एवढंच असेल, तर ते फोलपट समजा. दुसरं, ‘लगेच दहा जणांना पाठवा’ असं असेल तर मुळीच पाठवू नका. खऱ्या बातमीला अशी घाई नसते. घाई असते ती नासक्या मालाला, वास यायच्या आत खपायची. तिसरं, दुसऱ्या दिवशीच्या चांगल्या वर्तमानपत्रात ती बातमी आहे का ते बघा. सरकारी योजनेबद्दल किंवा आदेशाबद्दल असेल, तर केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा फॅक्ट चेक विभाग आहे. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, तेव्हा त्या आवाजाच्या कंपनांनी विषाणू मरतो हा मजकूर खोटा असल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. आवाहन होतं डॉक्टर-परिचारिकांचे आभार मानायचं. लोकांनी काही ठिकाणी चक्क मिरवणुका काढल्या!

आता सगळ्यांत अवघड भाग. मजकूर पाठवणाऱ्या असतात आत्तेसासूबाई, त्यांना खोटं कसं म्हणायचं? वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत उलटून बोलायची आपल्याला सवय नाही, आणि नसावीही. पण गप्प बसलो, तर तो मजकूर आपल्या मूक संमतीने पुढे जातो. तेव्हा ग्रुपवर नको, सरळ फोन लावावा. आधी गुडघ्यांची चौकशी करावी. मग म्हणावं, ‘आत्याबाई, ते मुलं पळवण्याचं तुम्ही पाठवलंत ना, ते खोटं आहे बरं का. तुमचं सगळे ऐकतात, तेव्हा तुम्हीच तसं लिहा.’ मोठेपणा त्यांच्याकडेच राहतो आणि ज्या ग्रुपवर खोटं गेलं, त्याच ग्रुपवर खरंही जातं. हे दुसरं काम फार महत्त्वाचं. नुसतं पुसून टाकून चालत नाही. तोवर ते वीस घरी पोचलेलं असतं.

थोडा वाईटपणा येईल. एखादी नणंद म्हणेल, ‘आली मोठी शहाणी!’ म्हणू द्या. कुठल्यातरी गावच्या बाजारात उद्या पाच अनोळखी माणसं उतरतील, झोळी खांद्याला लावून. ती संध्याकाळी धड घरी पोचावीत, यासाठी एवढं ऐकून घेणं काही फार नाही.