पिल्लू नको, म्हातारे मांजर आणा

चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघाले की वाटेत अलोरे लागते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे कोळकेवाडी धरणाची आणि डोंगराच्या पोटातील वीजगृहाची कामे चालू होती तेव्हा येथे मोठी वसाहत उभी राहिली. कामे संपली, माणसे बदलून गेली आणि ओळीच्या ओळी ओस पडल्या. जाणारे कुटुंब ट्रकमध्ये पलंग नेते, कपाट नेते, तुळशीची कुंडीसुद्धा नेते. मांजर मात्र पुष्कळदा मागे राहते. विचारले तर उत्तर ठरलेले : "कुत्रे माणसाचे, मांजर घराचे." घर येथे, म्हणून मांजरही येथेच!

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या शेजारचे बिऱ्हाड असेच पुण्याला गेले. मागे एक म्हातारी भाटी आणि तिच्या लेकीची दोन पिल्ले राहिली. पिल्ले दोन दिवसांत मुलांनी उचलली. एकासाठी तर भांडण झाले. म्हातारी कुलूप लावलेल्या दारापुढे पायरीवर बसून राहिली. मी निवृत्त विज्ञानशिक्षक. मुलांना म्हटले, "हिचे वय काढा पाहू." शेजारची मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी हे मांजर जन्मले होते आणि मुलगी नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. म्हणजे मांजर १२ वर्षांचे. पशुवैद्य ढोबळ हिशेब असा करतात की मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या १५ वर्षांबरोबर, दुसऱ्या वर्षाअखेर २४, आणि पुढे दर वर्षाला ४. करा बेरीज. आमची शेजारीण ६४ वर्षांची, म्हणजे थेट माझ्याच वयाची निघाली! मुलांनी तिचे नाव 'आजी' ठेवले, आणि कोणीही तिला घरी नेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मला येथे एक मत मांडायचे आहे. घरी मांजर आणायचेच असेल तर पिल्लाच्या मागे लागू नका. ज्याला कोणी घेत नाही असे म्हातारे मांजर आणा. दया म्हणून आणा असे मी म्हणत नाही. दया आठ दिवसांत आटते. समजून उमजून आणा.

पहिला आक्षेप असा येतो की म्हातारे मांजर नव्या माणसाला लळा लावत नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात यासारख्या प्रश्नावर प्रयोग झाले आणि ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मांजर आणि त्याचा मालक अनोळखी खोलीत दोन मिनिटे बसतात, मालक दोन मिनिटे बाहेर जातो, मग परत येतो. परतल्यावर मांजर काय करते ते पाहायचे. सुमारे ६४ टक्के पिल्ले मालकाला पाहून शांत झाली आणि पुन्हा खोली न्याहाळू लागली. तान्ही बालके आईजवळ जशी निर्धास्त होतात तसेच हे. आणि एक वर्षावरील मांजरे? सुमारे ६६ टक्के. म्हणजे 'मांजर घराचे' ही म्हण काही खरी नाही, आणि पिल्लूपण संपले म्हणजे माया संपते असेही नाही. अर्थात हे प्रयोग जुन्या मालकाबरोबरचे होते. नव्याशी जुळायला म्हाताऱ्या मांजराला किती दिवस लागतील हे त्यातून कळत नाही. आमच्या आजीला पडवीतून माजघरात यायला एकोणीस दिवस लागले. मी रोज कॅलेंडरवर खूण करीत होतो.

उलट पिल्लाचे काय? ते पुढे बुजरे होणार की बोचकारणारे, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हाताऱ्या मांजराचा स्वभाव समोर उघडा असतो.

दुसरा आक्षेप रोगांचा. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक एकपेशीय जीव मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि गरोदर स्त्रीच्या बाळाला तो अपाय करू शकतो, म्हणून पुष्कळ घरांतून मांजर हाकलले जाते. पण या जीवाचा नीट अभ्यास केला तर गंमत दिसते. मांजराला या जीवाची लागण प्रथम होते त्यानंतर साधारण एक ते तीन आठवडेच त्याच्या विष्ठेतून बीजपुटी बाहेर पडतात. ही लागण बहुधा कोवळ्या वयात, शिकार करू लागल्यावर होते. पुढे प्रतिकारशक्ती येते आणि बीजपुटी क्वचितच दिसतात. म्हणजे संशय घ्यायचाच तर तो ज्या पिल्लाला आपण गालाशी धरतो त्याचा घ्यायला हवा! शिवाय बाहेर पडलेली बीजपुटी निदान एक दिवस उलटल्यावर लागण करू शकते. विष्ठेची वाळू रोज काढून टाकली, हात धुतले आणि गरोदर बाईने हे काम केले नाही की धोका फार कमी होतो. रेबीजची लस मात्र कोणत्याही वयाच्या मांजराला द्यायलाच हवी. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, त्यात हयगय नको.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या घरी मासे शिजत नाहीत. पलीकडच्या वहिनी रोज माशांची डोकी आणून देत. २०२० च्या टाळेबंदीत मासळीवाली येईनाशी झाली आणि आजी दूधभातावर आली. आपल्याकडे मांजर म्हटले की दूधभात! पण मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातील साखर नीट पचत नाही, आणि त्या साखरेची गोडीही त्यांना कळत नाही. गोड चव ओळखणारे जनुकच मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. त्याहून महत्त्वाचा पदार्थ टॉरिन. आपले शरीर तो तयार करते, मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही. तो मांसातून आणि माशांतूनच मिळवावा लागतो. टॉरिन कमी पडले तर मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये कळले आणि हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ मध्ये. तरुण मांजर दूधभात खाऊन वर दोन उंदीर मारते आणि आपली तूट भरून काढते. म्हाताऱ्या मांजराला ते जमत नाही. शाकाहारी घरातील मांजर सुखाने जगते यामागे उंदरांचा केवढा वाटा आहे!

आजी वाळू लागली. तिचे केस राठ झाले. ती बादलीतले पाणी खूप पिऊ लागली, आणि मी, तीस वर्षे विज्ञान शिकवलेला माणूस, घरात सांगत होतो की पाणी पिते आहे ते चांगलेच आहे. मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातील व आफ्रिकेतील रुक्ष प्रदेशातले. थोड्या पाण्यावर भागवायचे आणि मूत्र अतिशय दाट करून पाणी वाचवायचे, हे त्यांच्या मूत्रपिंडाचे कसब. म्हणून मांजर पाण्याशी सारखे दिसू लागले तर ते कसब गेले असे समजावे. मांजराच्या एका मूत्रपिंडात सुमारे २ लाख नेफ्रॉन असतात. वयाबरोबर ते निकामी होत जातात, उरलेले त्यांचे काम ओढतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोनतृतीयांश कार्यशक्ती गेली की मूत्र पातळ होऊ लागते. रक्तात दोष दिसेपर्यंत साधारण तीनचतुर्थांश गेलेली असते. २०२१ च्या फेब्रुवारीत मी तिला टोपलीत घालून चिपळूणला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा ती त्या टप्प्यावर होती. आधी नेले असते तर मूत्रपिंडे परत मिळाली नसती, पण काही बरे महिने मिळाले असते.

तुम्ही ही चूक करू नये म्हणून एक मोजमाप सांगतो. वाटीत मोजून पाणी ठेवा आणि २४ तासांनी उरलेले मोजा. शेजारीच, मांजराचे तोंड पोचणार नाही अशा जागी, तेवढेच पाणी भरलेली तशीच दुसरी वाटी ठेवा. तिच्यातून जेवढे उडून गेले तेवढे पहिल्या उत्तरातून वजा करा. घरातली बाकीची भांडी झाकायला विसरू नका. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरहून जास्त पाणी जात असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. आमची आजी अडीच किलोची होती आणि ३०० मिलिलिटर पीत होती. आणखी एक सांगून ठेवतो, कारण ते दुसऱ्या कोणी सांगेलच असे नाही. मांजर कण्हते म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी त्याला कधीही देऊ नका. ते औषध निर्विष करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. एका गोळीने मांजर मरू शकते.

ती भिंतीवर चढेनाशी झाली तेव्हा आम्ही म्हणत होतो, आजी शहाणी झाली. प्रत्यक्षात तिचे सांधे दुखत होते. २००२ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली गेली, त्यांतील ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही, फक्त उडी मारणे सोडते. आम्ही खिडकीखाली एक जुना पाट आणि त्यावर एक खोके ठेवले. दुसऱ्याच दिवशी ती खिडकीत!

तुमच्या पुस्तकात बेडकाचे आणि फुलपाखराचे जीवनचक्र असते. अंडे, अळी, कोष, प्रौढ, आणि बाण पुन्हा अंड्याकडे. म्हातारपण त्या चित्रात कोठे आहे? चित्रकाराची चूक नाही. रानात बहुतेक प्राणी म्हातारे होईपर्यंत जगतच नाहीत. पीटर मेदावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात यावरूनच वार्धक्याची उपपत्ती मांडली. प्रजननानंतरच्या वयात जे दोष प्रकट होतात त्यांच्यावर निसर्गाच्या निवडीची पकड सैल असते, म्हणून ते साठत जातात. वार्धक्य जवळून पाहायचे तर आपण सांभाळलेल्या प्राण्यातच ते पाहायला मिळते. पिल्लू वाढताना सगळेच पाहतात. उतरत्या वयाचे शरीर कसकशा युक्त्या करून काम चालू ठेवते, हे पाहणारे थोडे.

खर्च होतो का? होतो. आम्हाला महिन्याला चार-पाचशे रुपये लागत. ज्या घरात तेवढे निघणार नाहीत, किंवा ज्यांची वर्षभरात बदली ठरलेली आहे, त्यांनी पिल्लू नको आणि म्हातारेही नको. प्राण्याला उपाशी मरावे लागेल अशा स्थितीत विनाकारण सोडून जाणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही त्यांनी लक्षात ठेवावे. मुंबई-पुण्याकडे सोडलेले प्राणी सांभाळणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्याकडे गेलात तर पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी थांबू नका, सर्वांत वयस्कर मांजर कोणते ते विचारा. आमच्यासारख्या गावात ती संस्था म्हणजे कोणाची तरी पडवी.

डॉक्टरांनी मानेच्या सैल कातडीखाली सलाइन द्यायला शिकवले. आठवीतला एक मुलगा रोज संध्याकाळी बाटली धरायला येई. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि औषधांची दुकानेही बुडाली, तेव्हा आमच्याकडे तीनच बाटल्या उरल्या होत्या. त्या आम्ही निम्म्या निम्म्या करून पुरवल्या. जानेवारी २०२२ मध्ये आजी गेली. म्हातारे मांजर लवकर मरते आणि मुलांच्या मनाला लागते, हा शेवटचा आक्षेप, आणि तो खरा आहे. तो मुलगा पुढे पंधरा दिवस आमच्या घराकडे फिरकला नाही.

जूनमध्ये तो एक वही घेऊन आला. मागच्या ओळीतल्या बंद क्वार्टरपाशी एक कान फाटलेला, दात पडलेला बोका राहतो, त्याच्या पाण्याच्या सात दिवसांच्या नोंदी त्यात होत्या. दोन्ही वाट्यांचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत. वजाबाकी करून रोजचे सरासरी ९० मिलिलिटर येत होते. मी विचारले, बोक्याचे वजन किती? तो म्हणाला, "आईने काल पिशवीत घालून ताणकाट्याला लावला, सर. चार किलो. आता आमच्याच पडवीत आहे."