राज्यातलं सर्वांत मोठं पद

मंत्रिमंडळाचं खातेवाटप सुरू झालं की सगळ्यांचे डोळे गृह, अर्थ आणि महसूल खात्यांवर असतात. शिक्षण खातं ज्याच्या वाट्याला येतं, त्याचं अभिनंदन करावं की सांत्वन, हे कार्यकर्त्यांनाही उमगत नाही. प्लेटोने उतारवयात ‘लॉज’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात क्रीट बेटावर ५०४० कुटुंबांचं एक नगरराज्य कल्पिलं आणि तिथलं सर्वांत मोठं पद शिक्षणप्रमुखाला दिलं. सेनापतीला नाही, खजिनदारालाही नाही. उमेदवार पन्नाशी गाठलेला आणि मुलंबाळं असलेला हवा. मुदत पाच वर्षांची. निवड अपोलोच्या मंदिरात, अधिकाऱ्यांच्या गुप्त मतदानाने.

यंदाचा आमचा अंक शिक्षणावर आहे, म्हणून ही आठवण.

ज्या अथेन्समध्ये प्लेटो वाढला, तिथे सरकारी शाळा नव्हती. ज्याची ऐपत असेल त्याने पैसे मोजून मुलाला अक्षरओळख, वीणेसारखं लायर हे वाद्य आणि कुस्ती शिकवावी. बाकीच्यांची फिकीर नगराला नव्हती. तरुणांना बिघडवल्याचा आरोप ठेवून सॉक्रेटिसला इ. स. पू. ३९९ मध्ये मृत्युदंड द्यायला मात्र तेच नगर पुढे आलं. तरुणांना कोणी आणि काय शिकवावं, हा प्रश्न प्लेटोपुढे आला तो असा, गुरूच्या मृत्यूतून.

‘रिपब्लिक’मधलं त्याचं उत्तर दमछाक करणारं आहे. लहानपणी संगीत, काव्य आणि व्यायाम; तेही खेळता खेळता, सक्तीने नव्हे. वीस ते तीस वयात गणित, भूमिती, खगोल आणि स्वरशास्त्र. मग पाच वर्षं तत्त्वचर्चा, पंधरा वर्षं प्रत्यक्ष कारभार आणि पन्नाशीला राज्याची सूत्रं. स्त्रियांनाही हेच शिक्षण, हेच अधिकार. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात हे म्हणायला छाती लागते. पण त्याच राज्यात देवांना भांडताना आणि वीरांना रडताना दाखवणाऱ्या होमरच्या ओळी खोडायच्या होत्या. तिथे आमचा अंक छापखान्यापर्यंतही पोचला नसता, आणि याबाबतीत आम्ही प्लेटोच्या बाजूने कधीच उभे राहणार नाही.

शेतकरी-कारागिरांच्या मुलांनी काय शिकायचं? हे ‘रिपब्लिक’मध्ये नीट सांगितलेलंच नाही, हे त्याच्या शिष्याने, ॲरिस्टॉटलने, हेरलं. नगराचं ध्येय एक, म्हणून शिक्षणही सर्वांना एकच आणि सार्वजनिक हवं, असं तो ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हणतो. सातव्या वर्षी मुलगे ताब्यात घेणाऱ्या स्पार्टाने शिक्षण राज्याचं मानलं, हे त्याला पटतं. त्या कष्टांनी मुलं रानटी होतात, हे पटत नाही. घरातल्या वस्तू फुटू नयेत म्हणून लहानग्यांच्या हाती खुळखुळा द्यावा, इतक्या बारकाव्यात हा तत्त्वज्ञ शिरतो. मात्र त्याच्या आदर्श राज्यात नांगर धरणारे आणि हातोडा चालवणारे नागरिकच नाहीत. म्हणजे त्याचे ‘सर्व’ किती, हे वाचकांनीच मोजावं.

पुन्हा ‘लॉज’कडे. तिथे मुलामुलींचं शिक्षण सक्तीचं आहे. मुलं आईबापांपेक्षा नगराची अधिक, असं प्लेटो बजावतो. शाळा नगराच्या मध्यभागी बांधायच्या. आणि शिकवणार कोण? पगारावर बाहेरून आणलेले परके, ज्यांना नागरिकत्व नाही. सर्वांत मोठं पद शिक्षण चालवणाऱ्याला आणि वर्गात उभं राहणारा मात्र भाडोत्री! राज्याच्या आराखड्यातली ही चूक आमच्या मते होमरला कात्री लावण्याहून मोठी आहे. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना ती वाचताच ओळखू येईल. त्यांच्यापैकी कोणी हा अंक वाचत असेल, तर त्यांनी आपला अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवावा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवत आहोत.