झळा आणि उकाडा

होळीची राख निवते न निवते तोच हवामानाच्या बातम्यांचा सूर बदलतो. ‘विदर्भात पारा चाळिशीपार, कोकणात हवा उष्ण व दमट’ हे वाक्य आता पावसाळ्यापर्यंत कानांवर पडत राहील. त्यातला पूर्वार्ध आपण गांभीर्याने ऐकतो आणि उत्तरार्ध सोडून देतो. ज्या घरात सत्तरीपुढचे माणूस आहे, त्या घराला हे परवडणारे नाही.

भारतीय हवामान विभाग उन्हाळ्याच्या तोंडावर मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. तो देशभरातील ऋतूचा कल सांगतो. घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना अधिक उपयोगी पडतो तो रोजचा जिल्हावार इशारा. उष्णतेची लाट ठरविण्याची या विभागाची मोजपट्टी सर्वत्र एक नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस व्हावे लागते. किनाऱ्यावर ३७ अंश पुरतात. दोन्हीकडे ते त्या दिवसांच्या सरासरीहून साडेचार अंशांनी तरी अधिक असावे लागते. अकोल्यात ज्या आकड्याकडे कोणी मान वळवून पाहणार नाही, तो रत्नागिरीत लाटेचा आकडा ठरू शकतो.

या भेदाचे मर्म आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखले आहे. विदर्भ-मराठवाड्यात झळा लागतात, कोकणात उकडते. शरीर थंड राहते ते घाम येण्याने नव्हे, तर घाम वाळण्याने. कोरड्या हवेत तो चटकन वाळतो. दमट हवेत आधीच बाष्प भरलेले असल्याने तो नुसता ओघळतो. शरीरातील पाणी आणि क्षार जातात, थंडावा मात्र मिळत नाही. घरातली वाळत घातलेली धुणी हे याचे चांगले मापक आहे. जाडसर पंचा दुपारभर ओलाच राहिला, तर अंगावरचा घामही तसाच राहणार.

वऱ्हाडातला धोका निराळा, आणि एका अर्थी फसवा. तिथे घाम दिसतच नाही. अंग कोरडे असते म्हणून ‘आजोबांना काही त्रास नाही’ असे वाटते आणि पाणी मात्र सारखे उडून जात असते. वयोमानाने तहानेची जाणीव मंद होते, त्यामुळे ‘तहान लागली की मागतील’ या भरवशावर राहू नये. दर तासा-दोन तासांनी थोडे थोडे पाणी हातात द्यावे. लघवी गडद पिवळी किंवा अगदी थोडी होऊ लागली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर उन्हाळ्यातले प्रमाण डॉक्टरांकडून आताच ठरवून घ्यावे. ताक, पन्हे, कोकमाचे सरबत ही आपली उत्तम पेये. पण रक्तदाबाच्या रुग्णाने मिठाचा आणि मधुमेह्याने साखरेचा हात आखडताच ठेवावा.

किनाऱ्यावर समुद्राकडून येणारा वारा हा खरा रक्षक. दुपारच्या सुमारास तो सुरू झाला की पारा वर चढायचा थांबतो. परंतु मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्री वारा उशिरा पोहोचतो आणि मुंबई एकाएकी तापते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने माणसे दगावली. त्या दिवशीचा पारा नागपूरकरांना विलक्षण वाटला नसता. शिवाय किनाऱ्यावरची रात्रही फारशी निवत नाही. दिवसा तापलेला स्लॅब वरच्या मजल्यावरील खोलीत रात्रभर ऊब सोडत राहतो आणि शरीराला विसावा मिळत नाही. शक्य असेल तर वृद्धांची निजण्याची जागा या दोन महिन्यांपुरती बदलावी.

परीक्षा संपल्या की घरोघरी प्रवासाचे बेत ठरतात. नागपूरचे आईवडील मुंबईला मुलाकडे येतात, सिंधुदुर्गातली आजी लेकीकडे जळगावला जाते. ‘बाबांनी जन्मभर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश काढले, त्यांना पस्तिसाचे काय’ हा तर्क इथे चालत नाही. शरीराला नव्या हवेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. उतारवयात त्याहूनही अधिक. पहिले काही दिवस देवदर्शन, लग्नकार्य, बाजारहाट दुपारच्या वेळी ठेवू नये. उपायही जागेप्रमाणे बदलतात. वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचा कूलर विदर्भात वरदान. तोच कूलर कोकणातल्या बंद खोलीत हवा अधिकच दमट करतो. तिथे खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावणे हेच बरे. उलट हवा चाळीस अंशांपुढे गेली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. त्या वेळी ओल्या फडक्याने हात, पाय, मान वरचेवर पुसून काढावी.

औषधांची यादी एकदा डॉक्टरांना दाखवावी, हे मी आग्रहाने सांगेन. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उन्हात चक्कर येऊ शकते आणि कंपवातावरील व मानसिक विकारांवरील काही औषधांनी घाम कमी येतो. मात्र यांतील कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

उष्माघाताची पहिली खूण वृद्धांमध्ये पुष्कळदा ताप नसून वागण्यातला बदल असते. बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे, हाक मारली तरी डोळे न उघडणे. ‘वयामुळे होत असेल’ म्हणून ते सोडून देऊ नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, काखेत आणि मानेवर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये; ते श्वासनलिकेत जाते.